मतपेटीतली चावी

आप्पांनी मतपत्रिकेची घडी घातली, पेटीच्या फटीतून आत सरकवली आणि पेटीच्या तळाशी ‘टण्’ असा आवाज झाला. कागद पडला की असा आवाज होत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

आप्पांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. आडोशामागे पंख्याच्या वाऱ्याने मतपत्रिका उडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर घराची चावी ठेवली होती आणि घडी घातली ती चावीसकट.

आप्पा म्हणजे निवृत्त शिंपी. डोक्यावर केस नावालाही नव्हता, पण निशाणी कंगवा असलेल्या पक्षाचे ते कट्टर भक्त, आणि मतदानाच्या खोलीत त्याच पक्षाचे प्रतिनिधी. शेजारच्या खुर्चीवर बादलीवाल्या पक्षाचे प्रतिनिधी, निवृत्त पोस्टमास्तर. दोघांच्या घरांची भिंत एक. एके काळी बुद्धिबळाचा पट मांडल्याशिवाय त्यांची संध्याकाळ होत नसे. मागच्या निवडणुकीपासून बोलणंच बंद. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं: निवडणुकीत लबाडी होते. ती कोण करतं, एवढाच काय तो वाद.

त्यात केंद्राध्यक्ष होती आप्पांची सून. शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळ्या गावाची ‘बाई’. नेमलेला माणूस ऐनवेळी तापाने झोपला म्हणून तिला बसवलं होतं. पोस्टमास्तरांनी सकाळीच हरकत घेतली. सासरा प्रतिनिधी आणि सून अध्यक्ष, तर पेटी तुमच्या माजघरातच का नाही ठेवत, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी हरकत शांतपणे नोंदवून घेतली आणि त्यांना बसायला सांगितलं.

आता आप्पा तिच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, “सूनबाई, चावी आत गेली.”

“ऐकलं मी.”

“मग काढून दे की.”

“मोजणीच्या दिवशी मिळेल.”

पोस्टमास्तर ताडकन उठले. चावीचं निमित्त करून पेटी उघडायचा डाव आपण केव्हाच ओळखला होता, असं त्यांनी खोलीला उद्देशून जाहीर केलं. आप्पांनीही, मी काय मुद्दाम टाकली का, म्हणून आवाज चढवला. बाईंनी दोघांनाही वर्गातल्या पोरांसारखं खाली बसवलं आणि पुढच्या मतदाराला बोलावलं.

एवढ्यात रांग मोडून आप्पांची बायको, म्हणजे बाईंच्या सासूबाई, दारात. धापा टाकत त्यांनी सांगितलं ते असं: वाळत घातलेलं पांघरूण उडालं, ते उचलायला त्या बाहेर आल्या, वाऱ्याने दार आपटलं आणि कुलूप आपोआप बसलं. आत गॅसवर दूध. चावी आप्पांकडे, आणि दुसरी चावी मुळी नव्हतीच. दुसरी चावी करायची म्हणजे कोणावर तरी विश्वास ठेवायचा, आणि आप्पांना ते कधी जमलं नव्हतं.

“घर पेटेल गं,” आप्पा काकुळतीला आले. “तुझंही आहे ना ते?”

बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या म्हणाल्या, “माझंही आहे. पण ही पेटी त्या रांगेतल्या सगळ्यांची आहे, आप्पा. ती उघडणार नाही. न्हाणीघराची खिडकी फोडा आणि आत शिरा.”

दुसरी हरकत घ्यायला उठलेले पोस्टमास्तर पुन्हा खुर्चीत बसले.

पण आप्पा जाईनात. आपण गेलो की पेटीपाशी बादलीवाला एकटा, हे त्यांना पटेना. शिवाय खिडकी उंच, एकट्याचं ते काम नव्हतं. भिंत एकच, म्हणजे आग लागली तर आपलंही घर जाणार, हे पोस्टमास्तरांच्या लक्षात आलं. पण कंगवेवाला खोलीत असताना तेही हलेनात.

“मग दोघंही जा,” बाई म्हणाल्या.

“आणि पेटीवर लक्ष?” दोघांनी एकदमच विचारलं.

“मी आहे ना.”

दोघांनी पेटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग दोघंही धावत सुटले.

थोड्याच वेळात गल्लीने जे पाहिलं, त्यावर पुढे कोणाचा विश्वास बसेना. पोस्टमास्तर भिंतीला टेकून वाकलेले आणि त्यांच्या खांद्यावर आप्पा. मारामारी समजून दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते सोडवायला धावले, आणि काय सोडवायचं ते न कळून नुसते उभे राहिले. खालून सासूबाई दोघांनाही सारख्याच रागावत होत्या. आत दूध करपून पातेलं काळं झालं होतं आणि पडद्याने नुकताच पेट घेतला होता. खिडकी फोडून आत शिरलेल्या आप्पांनी न्हाणीघरातली भरलेली बादली उचलून पडद्यावर ओतली. पोस्टमास्तर एका कार्यकर्त्याच्या खांद्यावर चढून खिडकीतून बघत होते. बादलीच शेवटी कामाला आली, हे वाक्य त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं.

मोजणीही बाईंकडेच होती; त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. पेटी टेबलावर उपडी केली, तशी घडीत गुरफटलेली चावी बाहेर आली. चावी कोणाची, हे अख्ख्या गावाला माहीत. म्हणजे मत कोणाचं, हेही. आप्पांच्या टकलावर घाम तरारला. पोस्टमास्तर तर टेबलावर अर्धे आडवे झाले.

बाईंनी घडी न उलगडता चावी अलगद ओढून काढली, मतपत्रिका तशीच ढिगात सारली आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग वरखाली कालवून टाकला.

“बाई, बघू तरी द्यायचं,” पोस्टमास्तर कळवळले.

“मत गुप्त असतं, मास्तर. त्यांचं, तसंच तुमचंही.”

आप्पांनी एवढा मोठा निःश्वास सोडला की दारातल्या पोलिसाने वळून पाहिलं.

बादली थोडक्या मतांनी निवडून आली. कंगव्याची मंडळी लगेच घोळ झाला म्हणून ओरडू लागली आणि सवयीने आप्पांकडे वळली, कारण असल्या आरड्याओरड्यात दरवेळी पहिला आवाज त्यांचाच असे. आप्पा उठले.

“मोजणी बरोबर आहे,” ते म्हणाले. “स्वतःचं घर पेटायची वेळ आली, तरी त्या बाईने पेटी उघडली नाही. आता तिने घोळ केला म्हणता? गुमान घरी जा.”

मंडळी चुळबुळली आणि पांगली. आप्पा आणि पोस्टमास्तर एकाच वाटेने घरी निघाले.

“एक विचारू?” पोस्टमास्तर म्हणाले.

“नको.”

“बरं.” चार पावलं गेल्यावर पोस्टमास्तर इकडेतिकडे बघत हळूच पुटपुटले, “नशीब माझं, त्या पेटीत माझी चावी पडली नाही.”

आप्पा थबकले. त्यांनी पोस्टमास्तरांकडे नीट निरखून पाहिलं आणि काही न विचारता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.