सगुणबाब आणि मागलां वाजप

सगुणबाबनी पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट त्यांना विचारू नये. मी विचारली होती, कारण पेडण्यात नवा होतो. डिचोलीहून बदली होऊन इथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच रविवारी ते म्हापशाहून सिनेमा पाहून आलेले दिसले, म्हणून मी सहज विचारलं, "काय सगुणबाब, कसा होता पिक्चर?"

"बसा," ते म्हणाले आणि स्वतः जनेलाजवळच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, खुर्चीवर बसले. "सुरवातीक एक बासरी. एकटीच. मागसून दोन व्हायोलिनां हळूहळू येतत, पण बासरीक त्याची खबर नाय. मगे ढोलक इलो. ढोलक इलो म्हणजे समजायचां, आता काय खरां नाय. मध्यंतराच्या आदी सगळी व्हायोलिनां एकदम रडाक लागली."

"का? कोण मेलं?"

"तां माका खबर नाय."

"हीरो कोण होता?"

"आसात कोणतरी. उंच होतो."

त्यांच्या भाषेत या सगळ्याला 'मागलां वाजप' म्हणत. गाणी नव्हेत, गाणी काय, रेडिओवर कोणीही ऐकतो. नायिका जिना उतरते, खलनायक दार ढकलतो, म्हातारा बाप पत्र वाचतो, तेव्हा मागे जे वाजतं ते. "पुढलां सगळेच बगतत मास्तर," ते म्हणायचे, "मागलां कोण आयकता?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की पुढे वर्गात पाढे म्हणून घेतानाही माझं लक्ष मागच्या बाकांकडे जाऊ लागलं.

सगुणबाब टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती, पण नंबर फिरवून परगावी फोन लावायची सोय अजून आली नव्हती. कानाला एका बाजूचा हेडफोन लावून ते बोर्डासमोर बसत, आणि गावातला प्रत्येक फोन त्यांच्या हातून जाई. खाणींचे ट्रक, सोयरिकी, मयतं, भांडणं, सगळं त्यांच्या उजव्या कानावरून जायचं. पण त्यातलं अवाक्षर कधी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. बाहेर पडायची ती फक्त येऊ घातलेल्या सिनेमांची बातमी.

ही बातमी यायची मुंबईहून. मुंबईच्या ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावच्या फोनांच्या बोर्डावर, एक बाई होत्या; पेडण्याहून कॉल आला की त्यांच्यापुढे पेडण्याचा दिवा लागे. त्यांचं नाव सगुणबाबना ठाऊक नव्हतं, चेहरा तर नाहीच. त्या सतरा नंबरच्या जागेवर बसत, म्हणून त्यांचं नाव 'सतरा'. सतराबाईंचा भाऊ सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. मुंबईकडचा माणूस फोन उचलेपर्यंत जे अर्धं-पाऊण मिनिट मिळे, तेवढ्यात त्या सांगून टाकत: अमक्या संगीतकाराचं रेकॉर्डिंग चालू झालं, तमक्याने या वेळी सतार घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी आधी पावांची टोपली घेऊन आलेल्या पोदेराला, मग मला आणि मग चहाच्या हॉटेलात सगळ्यांना मिळे. "पुढल्या गणपतीच्या चवथीमेरेन एक पिक्चर येतलो. चाळीस व्हायोलिनां आसत!" पिक्चरचं नाव बहुधा त्यांनी विचारलेलंच नसे. शिवाय एक पुरवणी ठरलेली असायची: "नाव संगीतकाराचां, पण कागदार सूर लिवन देणारो आमचो गोंयकार!" एका मोठ्या संगीतकारावर मात्र त्यांचा फार राग होता. तो गाणी स्वतः करतो आणि मागलां वाजप सहायकावर टाकून जातो, असं त्यांना सतराबाईंकडून कळलं होतं. त्याचं गाणं रेडिओवर लागलं की ते उठून अंगणात जायचे.

मागल्या वाजपाशिवाय जगातली कुठलीच गोष्ट त्यांना पुरी वाटत नसे. आमच्या वाड्यावर एक सोयरीक जुळवायची बैठक चालली होती. नवऱ्यामुलाचा मामा घसा खाकरून हुंड्याची काही मागणी करणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या सगुणबाबनी तोंड मिटून खर्जात "हूंऽऽ हूंऽऽ" असा खलनायकाच्या प्रवेशाचा सूर लावला. मुद्दाम नव्हे हो, त्यांना तसं वाटलंच असणार. मामाने इकडेतिकडे पाहिलं आणि "मुलगी आमका पसंत आसा" एवढंच म्हणून चहाचा कप उचलला. ते लग्न छान झालं.

पण दशावतारात मात्र त्यांनी घोटाळा केला. जत्रेतल्या नाटकाच्या आधी त्यांनी पेटीवाल्याला आणि पखवाजवाल्याला बाजूला घेऊन समजावलं, की राक्षस यायच्या वेळी एवढं बडवू नका. जरा थांबा, शांतता करा, लोकांना भिऊ द्या, सिनेमात आता असंच करतात. दोघांना पटलं. राक्षसाची वेळ झाली, पेटी गप्प, पखवाज गप्प. लोक खरंच श्वास रोखून बसले. पण राक्षस काही येईना. दशावतारातला राक्षस वाजपावर पाऊल टाकत येतो, त्याला दुसरी रीत ठाऊकच नाही. शेवटी पडद्यामागून आवाज आला, "अरे वाजवा मरे! मी येव कसो?"

सगुणबाब पुढे आठ दिवस देवळाच्या बाजूला फिरकले नाहीत.

असे हे सगुणबाब एका दिवाळीनंतर एकदम गप्प झाले. म्हापशाहून सिनेमा पाहून आले आणि सरळ आत गेले. मीच जाऊन विचारलं, "मागलां कसां होतां?"

ते जनेलाजवळ जाऊन बसले. मग म्हणाले, "मास्तर, व्हायोलिनां वाजत होती. माका दिसली तशी, म्हणजे वाजूक होयीच अशी जागा होती. पण आयकाक येवक नाय."

उजवा कान गेला होता. बोर्डावर चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. लोकांना परत परत नंबर सांगायला लावले. मग डाव्या कानाला हेडफोन लावून पाहिला, पण इतक्या वर्षांच्या सवयीचे हात उलटसुलट जाऊ लागले. त्यातच कळलं की महिन्याच्या अखेरीला वरचा साहेब येऊन ऑपरेटरांचे कान तपासणार आहे. नापास झाला तो बोर्डावरून उठणार आणि फायलींच्या खोलीत जाणार. सगुणबाबनी ताप आल्याचं कळवून रजा टाकली आणि घरात बसले.

पेडण्यात त्या दिवसांत कोणाला सिनेमाची बातमी मिळाली नाही. पोदेरसुद्धा विचारू लागला. शेजारच्या काकीने लसूण घालून कढवलेलं तेल आणून दिलं, कोणी कांद्याचा रस सांगितला, कोणी नवस. सगुणबाब सगळं निमूटपणे कानात ओतून घेत आणि जनेलाजवळ बसून राहत. मी समजूत घालायचो, "फायलींचं काम हलकं. पगार तोच."

"फायली हालवीन मास्तर," ते म्हणाले, "त्याचां काय नाय. पण बोर्ड गेलो तर..." आणि कानावरून ओघळलेलं तेल पुसू लागले. मला वाटलं, व्हायोलिनांची बातमी बंद होईल, हेच त्यांना म्हणायचं असणार.

त्यांच्या रजेच्या बाराव्या दिवशी मीही शाळेतून रजा घेतली आणि त्यांना जवळजवळ ओढूनच पणजीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बसमध्ये ते उजवा कान माझ्याकडे करून बसले. दर पाच मिनिटांनी म्हणत, "कायतरी बोला." मी बोलायचो. ते मान हलवायचे, पण ती कशीही हलली असती. मला खरंच भीती वाटू लागली होती.

डॉक्टर तरुण आणि मितभाषी होते. त्यांनी कपाळाला गोल आरसा बांधला, कानात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि एक लांब चिमटा घेतला. सगुणबाबनी माझं मनगट असं धरलं की आमच्या शाळेतल्या कुठल्याही पोराने मार खाताना धरलं नसेल. डॉक्टरांनी चिमटा बाहेर काढला. टोकाला तेलाने माखलेला कापसाचा एक घट्ट बोळा होता. त्यांनी तो नाकाजवळ नेला.

"हिना," डॉक्टर म्हणाले. "हा अत्तराचा फाया आहे."

मग उलगडा झाला. दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे नरकासुर जाळतात. वाड्यावरचा नरकासुर त्या वर्षी जरा जास्तच फटाके पोटात घेऊन उभा होता. आता याच्या दणक्याने आपला बोर्डाचा उजवा कान जाणार, या धास्तीने सगुणबाबनी कानाच्या पाळीत ठेवलेला अत्तराचा फाया बोटाने आत दाबला होता, थेट तळापर्यंत. कान वाचवायला! अभ्यंगस्नान, फराळ यांच्या गडबडीत ते तो विसरले, आणि वरून काकीच्या लसणीच्या तेलाने तो चांगला मुरवला.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "फक्त त्यात काही घालू नका."

सगुणबाब हलले नाहीत. मान तिरकी करून ऐकत राहिले. "पंखो करकरता," ते म्हणाले. "खाली कोणतरी सायकलीची घंटी वाजयता. मास्तर, तुमच्या पोटात वाजता. भूक लागली तुमका." आणि ते हसू लागले. डॉक्टर हसले. मला तर इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी डॉक्टरांच्या पाया पडणार होतो, वयाने लहान होते म्हणून राहिलं.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, चला, आधी जेवू. पण सगुणबाब भराभर चालायला लागलेले. मला वाटलं, सरळ थेटरात शिरतात की काय. ते गेले ट्रंक कॉलच्या खोलीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या या माणसाला खिडकीशी उभं राहून कॉल मागताना मी पहिल्यांदा पाहिलं. पणजीच्या ऑपरेटरला ते काय म्हणाले ठाऊक नाही, पण आपल्यातल्याच माणसाचं काम लवकर होत असणार. त्यांनी रिसीव्हर उजव्या कानाला लावला. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. ती तीन मिनिटं जराही हलली नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि तोंड मात्र हसत होतं. मग मीच विचारलं, "काय म्हणतायत सतराबाई? नवीन कुठला पिक्चर? किती व्हायोलिनं?"

"इचारूक इसारलंय," सगुणबाब म्हणाले.

त्यांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले.

"मी नुसतां 'हॅलो' म्हटलां. पेडण्याची लाइन नसताना माझो आवाज तिणी वळाखलो, मास्तर. आणि माका बोलूकच दिलां नाय. बारा दिवस कुठे होतात, म्हणाली. रोज पेडण्याचा दिवा लागला की मी आधी तुमचाच आवाज आहे का बघते, म्हणाली."