पाठकबाईंची मासेमोजणी

एका जंगलात, मुलांनो, वाकडी नावाची नदी होती. ती कधीच सरळ वाहिली नाही. पावसाळ्यात दोन्ही काठ सोडून लांबवर पसरायची. ओसरताना मागे डोह, डबकी आणि चिखल ठेवून जायची. डोहांत मासे वाढायचे, मासे खाऊन बाकीचे वाढायचे. सगळं बरं चाललं होतं.

बरं चाललेलं पाहून राजाला काळजी वाटली. राजा होता गवा. त्याने दरबारात विचारलं, "आपल्या नदीत मासे किती?"

कुणालाच माहीत नव्हतं. शरमेची गोष्ट!

म्हणून मासे आणि पाणी यांची कायमची मोजणी सुरू झाली. कामावर नेमलं पाठकबाईंना. पाठकबाई म्हणजे कासवीण. आडनाव पाठीवरून पडलेलं. कासवं पुष्कळ जगतात, त्यामुळे मोजणारा सारखा बदलावा लागणार नाही, ही कल्पना मुख्य कारकून साळिंदरपंतांची. साळिंदरपंतांच्या अंगावर लेखण्याच लेखण्या होत्या, म्हणून जंगलात त्यांना विद्वान समजत.

नदीकाठी एका करंजाखाली खुंटी ठोकली. साळिंदरपंतांनी नियम सांगितले. "दर पंधरवड्याला याच खुंटीपाशी यायचं. टोपली तीनदा बुडवायची. येतील ते मासे मोजायचे आणि परत सोडायचे. मग दोरीला बांधलेला हा पांढरा शिंपला पाण्यात सोडायचा. किती खोल गेल्यावर दिसेनासा होतो, ते लिहायचं. जागा बदलायची नाही. आणि मधे पडायचं नाही. आपण फक्त मोजणारे."

पाठकबाईंनी बावीस वर्षं हे केलं. एक खाडा नाही. टोपलीत सात-आठ मासे यायचे, शिंपला चार विती खोलपर्यंत दिसायचा. त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता. का नसावा? तुम्हाला दहा वर्षं एका शाळेत जायचं म्हटलं तरी पोटात दुखतं.

तेविसाव्या वर्षी मोठा पूर आला. जुन्या वळणाचा नदीला कंटाळा आला असावा. तिने दीडशे पावलं पलीकडून नवी वाट काढली आणि पूर ओसरल्यावर तिकडूनच वाहत राहिली. खुंटीपाशी उरला एक डोह, चारी बाजूंनी बंद.

पाठकबाई नेमाने आल्या. टोपली बुडवली. मासे वीस!

पुढच्या पंधरवड्याला एकेचाळीस. त्याच्या पुढच्या खेपेला त्रेसष्ट.

दरबारात जल्लोष झाला. "आमच्या राज्यात मासे आठपट झाले!" गवामहाराज शेजारच्या जंगलाला ऐकू जाईल असं हंबरले.

"पण महाराज, शिंपला दोन बोटांवरच दिसेनासा होतो," पाठकबाई म्हणाल्या. "पाणी हिरवं पडलंय. वासही येतो."

"हिरवं," साळिंदरपंतांनी लिहून घेतलं, "म्हणजे समृद्ध."

वासाचं त्यांनी लिहिलं नाही. कागदाला वास येत नाही ना.

पाठकबाईंना शाल मिळाली. ती पाठीवरून घसरत होती, म्हणून त्या दोन दिवस जागच्या हलल्या नाहीत.

चौथ्या खेपेला टोपलीत एक जाडजूड मरळ आली. मरळ तोंड वर काढून हवा घेऊ शकते. त्यामुळे बोलण्याइतका दम तिच्यातच उरला होता.

"पाठकबाई, आज किती?" तिने विचारलं.

"नव्वद. अभिनंदन!"

"अहो बाई, आम्ही वाढलो नाही, पाणी आटलंय. सगळे तुमच्या टोपलीखाली दाटीवाटीने उभे आहेत. आणखी आठ दिवस असंच ऊन पडलं, तर टोपलीही लागायची नाही. हाताने वेचाल."

पाठकबाईंनी पाण्यात डोकावून पाहिलं. शिंगटे, खवलेवाले मासे, बारकी पिल्लं, सगळी वरवर आली होती आणि तोंडं वासून श्वास शोधत होती. बाईंनी आजवर हजारो मासे मोजले होते. एकाच्याही तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

"मला मधे पडता येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नोंद बिघडते."

"आम्ही मेल्यावर ती काय सुधारणार आहे?" मरळ म्हणाली.

पाठकबाई घरी गेल्या. जेवल्या नाहीत. सकाळी उठून तडक रानडुकरीण मुसंडीबाईकडे गेल्या.

"मुसंडीबाई, डोहापासून नदीपर्यंत एक चर उकरून द्याल का?"

मुसंडीबाई गहिवरली. "उकरायला सांगतेस? मला? अगं, उकरू नको म्हणून जन्मभर शिव्या खाल्ल्या!"

ती आणि तिची नऊ पोरं कामाला लागली. ऊन चढायच्या आत चर नदीला भिडला. गार पाणी डोहात शिरलं. सगळे मासे एकदम त्या धारेकडे वळले, आणि एकामागून एक नदीत गेले. पाठकबाई चरात मधोमध उभ्या होत्या. पायांना मासे घासून जात होते. त्यांनी ते मोजले नाहीत. शेवटी मरळ आली. "येते हं बाई," म्हणाली आणि गेली.

पंधरवड्याने नदी खाली गेली, चर सुकला. पाठकबाईंनी डोहात टोपली बुडवली. आला एक बेडूक. पाठकबाई प्रामाणिक होत्या. त्यांनी लिहिलं : मासे शून्य.

दरबारात नोंद वाचली गेली.

"नव्वद मासे कुठे गेले?" राजाने विचारलं.

"नदीत, महाराज. तिथे सुखात आहेत."

"तिथे कोण मोजतं?"

"अजून कुणी नाही."

"मग ते आहेत कशावरून?"

पाठकबाईंनी सुचवलं, "खुंटी नदीवर नेऊ या."

साळिंदरपंतांच्या सगळ्या लेखण्या ताठ उभ्या राहिल्या. "जागा बदलायची? मग बावीस वर्षांशी तुलना कशाची करायची?"

पाठकबाईंना घरी बसवलं. कारण लिहिलं : यांच्या कारकिर्दीत राज्यातले मासे संपले. त्यांच्या जागी बगळा आला. तो एका पायावर कितीही वेळ उभा राहू शके, एवढी पात्रता पुरेशी होती. कोरड्या खड्ड्यात तो दर पंधरवड्याला टोपली बुडवतो आणि लिहितो : शून्य. दरबार समाधानी आहे. शून्यात घट होत नाही.

पाठकबाई हल्ली नव्या काठावर मुसंडीबाईबरोबर बसतात. परवा समोरून माशांच्या पिल्लांचा थवा गेला. सवयीने त्या "एक, दोन, तीन" करू लागल्या. सातावर गोंधळल्या, आणि इतक्या हसल्या की उलट्या पडल्या. मुसंडीबाईने नाकाने सरळ केलं.

तात्पर्य : बाळांनो, मरायचं असेल तर खुशाल मरा, पण मोजणीच्या जागी मरा. भलतीकडे जाऊन जगलात, तर त्याची नोंद कोण घेणार?