डिकीतलं दुकान

सांगून तुम्हाला पटायचं नाही, पण आमच्या मेम्फिसमध्ये एक मोटार कायद्याने इमारत ठरली होती.

मोटार कॉर्टेव्हियस ब्लेड्सोची. तो कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटायचा आणि सुट्टीला व्हर्निटाच्या सलूनसमोर डिकी उघडून स्वतःच्या रॅपच्या कॅसेटी विकायचा. त्या खपल्या तरच पिसं सुटणार होती. पाठीशी कुठलीही कंपनी नाही, पण स्पीकर असे की सलूनचे आरसे थरथरत. असल्या कलावंताला आमच्याकडे आदराने 'अंडरग्राउंड' म्हणतात.

एके दिवशी नगरपालिकेचे निरीक्षक आले.

"विक्री होते ते दुकान," ते म्हणाले. "आणि दुकानाला संकटकाळी बाहेर पडायला दुसरा दरवाजा लागतो."

"साहेब, डिकीत माणूसच मावत नाही."

"म्हणजे जागाही अपुरी."

कॉर्टेव्हियसने मागची सीट कापून दरवाजा केला. पुढच्या सीटवर गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह बसवलं. त्यानंतर, दुकान जागेवरून हलत नसते असे निरीक्षकांच्या निदर्शनास आले; सबब चाके काढण्यात आली.

चाकं निघाली तसे चाहते बिथरले. "पक्कं दुकान थाटलंस? मग कसला रे तू अंडरग्राउंड?"

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने तिथेच खड्डा खणून मोटार आत उतरवली आणि खाली बसून गाऊ लागला. निरीक्षकांनी वाकून पाहिले. हे तळघर होते, आणि नदीकाठच्या तळघराला पुराची मंजुरी लागते. ती येईपर्यंत खड्डा बुजवण्यात आला. कॉर्टेव्हियस दुसऱ्या दरवाजाने कसाबसा बाहेर आला, तेव्हा नियम किती दूरदृष्टीचे असतात हे निरीक्षकांनी जमावाला समजावून सांगितले.

तो पुन्हा पिसांकडे गेला. जमीन अजून धडधडते. लोक तिथे फुलं ठेवतात, म्हणतात, असा अस्सल गडी होणे नाही.

"मी तर त्याची पहिली कॅसेट पैसे मोजून घेतली होती," मी सलूनच्या खुर्चीत रेलून म्हणालो.

व्हर्निटाने माझ्या मानेवरचं मशीन बंद केलं.

"लेमुएलकाका, गोष्टीत मोटार पुरलीत, मी गप्प बसले. पण हे जरा जास्त होतंय. ती तुम्ही माझ्या कॅसेटवरनं उतरवून घेतलीत."

"आणि तुझी कुठली?"

"शेजारच्या मॅव्हिसकडनं उतरवलेली. अख्ख्या गल्लीनं एकमेकांकडनं उतरवली. त्याची विकली गेली एकच." तिने मशीन पुन्हा चालू केलं. "ती त्या निरीक्षकानं घेतली. विक्री होते याचा पुरावा म्हणून."