मागचा डावा दिवा

फिनियस मासुकू आणि त्यांची बायको मातशुमा यांचं बोलणं बंद झाल्याला शुक्रवारी पाच दिवस झाले, आणि नेमक्या त्याच सकाळी गाडीचा मागचा डावा दिवा गेला.

गेला म्हणजे अगदी गेला असंही नाही. नुसता लावला की मिणमिणायचा, पण ब्रेक दाबला की पार डोळे मिटायचा. हे शेजारच्या हलाबांगाना शिंप्याने कुंपणावरून सांगितलं. "मासुकू, तुमचा दिवा गेला हो. उद्या ग्वांड्याला निघायचंय ना? त्या रस्त्यावर पोलिस सगळे दिवे लावायला लावतात."

उद्या ग्वांड्याला, मातशुमाच्या माहेरी, निघायचं होतं, आणि ते टाळता येण्यासारखं नव्हतं. मातशुमाच्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न ठरवायला मुलाकडचे यायचे होते. मातशुमा थोरली मावशी. ती जाऊन बसल्याशिवाय तिथे कुणी तोंड उघडणार नव्हतं.

भांडण झालं होतं लापशीवरून. रविवारी मातशुमाने चर्चमधल्या बायकांना घरी बोलावलं होतं आणि भोपळ्यात मक्याचे दाणे शिजवून मोठं पातेलंभर लापशी केली होती. सगळ्या बायका वाहवा करत असताना मासुकूंनी दुसरा घास घेतला आणि म्हणाले, "चांगली झालीय. पण आमच्या आईच्या हातची गोष्टच वेगळी. ही जरा पाणचट वाटते." खोलीतल्या अकरा चमच्यांचा आवाज एकदम थांबला. तेव्हापासून मातशुमा जे काही सांगायचं ते कोंबड्यांना सांगत होती. "काहींचं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय गं," असं तिने तांबड्या कोंबडीला सांगितलं की मासुकूंनी हात धुवायचे.

"त्या कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावू का?" शिंप्याने विचारलं.

"वायरमन?" मासुकू म्हणाले. "अहो, एकतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले मी. बुलावायो ते प्लमट्री एक लाल दिवा विझू दिला नाही. आणि हा वीतभर दिवा दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेऊ?"

त्यांनी बाह्या सरसावल्या. डावा बल्ब काढून उजवीकडे लावला, उजवीकडचा डावीकडे. म्हणजे बल्बचा दोष असेल तर रोग उजवीकडे जाईल. पण तो गेला की नाही हे कळणार कसं? ब्रेक पुढे, दिवा मागे. ब्रेक दाबायला पाय लागतो, दिवा बघायला डोळे लागतात, आणि दोन्ही एकाच माणसाचे असले तर ते एका वेळी दोन ठिकाणी जात नाहीत. रेल्वेत त्यांच्या हाताखाली चार माणसं होती. इथे घरात होती दोनच, त्यातलं एक बोलत नव्हतं.

त्यांनी ब्रेकच्या पेडलवर वीट ठेवली. मागे जाईपर्यंत वीट घसरून खाली. मग फिरायला जायची काठी आणली. तिचं एक टोक पेडलवर टेकवलं आणि दुसरं स्टिअरिंगच्या मधोमध अडकवलं. ब्रेक झकास दाबला गेला. फक्त स्टिअरिंगच्या मधोमध हॉर्न असतो, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

गाडी अशी काही बोंबलली, की हलाबांगानाच्या हातची कात्री पडली. मासुकूंनी धावत जाऊन काठी ओढली. काठी निघाली, पण हॉर्नचं जुनं बटण आत बसलं ते बसलंच. ते बटणाला थोपटत होते, खाली वाकून विनवत होते, पण गाडी एका सुरात किंचाळत होती.

हॉर्न ऐकून आधी गल्लीतली पोरं आली, आणि मग पलीकडून चर्चच्या चार बायका आल्या. मासुकूंची गाडी निघालीच, मातशुमाला हाका मारतायत, अशी त्यांची समजूत झाली होती. एकीच्या डोक्यावर घोंगडीचं गाठोडं, दुसरीच्या हातात शेंगदाण्याच्या लोण्याचा डबा, सगळं ग्वांड्याला पोचवायचं. त्यांनी काही न विचारता डिकी उघडली आणि गाठोडी आत कोंबायला सुरुवात केली.

"अहो, थांबा! तिथे माझं काम चाललंय!" मासुकू ओरडत होते. हॉर्नमध्ये कुणाला काही ऐकू गेलं नाही.

शेवटी हलाबांगानाने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली. एकदम शांतता पसरली. तेवढ्यात मातशुमा हात पुसत दारात आली.

"आजच निघालात होय?" गाठोडंवाली म्हणाली. "सांगायचं तरी!"

"कोण निघालंय?" मातशुमा म्हणाली. "मी उद्या पहाटेच्या बसने जाणार आहे."

"बसने? दारात गाडी असताना?"

"ज्यांना माझ्या हातची लापशी पचत नाही," मातशुमा गाठोडंवालीकडेच बघत म्हणाली, "त्यांची गाडी मला कशी पचेल, बाई?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मासुकूंकडे अजिबात बघितलं नाही. सामान मात्र त्यांनी डिकीतच ठेवलं आणि निघून गेल्या.

मासुकू गाडीच्या कडेला तसेच उभे राहिले. बायको बसमधून उतरून एकटी माहेरच्या अंगणात चालत गेली, तर तिचे तिन्ही भाऊ काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. थोरला तर काही म्हणणारच नाही, नुसता हसेल. ते जास्त वाईट.

त्यांनी चमच्याने हॉर्नचं बटण उचकटून वर काढलं, बॅटरीची वायर जोडली आणि हलाबांगानाला मागे उभं केलं.

"लागला का?"

"लागला!"

"डावा?"

"डावाच की. झकास पिवळा लागलाय."

"पिवळा? अहो, ब्रेकचा दिवा लाल असतो!"

"मग लाल नाही लागला. पिवळा लागला. जे दिसतंय ते सांगतोय."

मासुकू उतरून स्वतः मागे आले. ब्रेक दाबल्यावर वळायचा दिवा कसा काय लागेल? मग डोक्यात लख्ख उजेड पडला. करंट आत येत होता, पण परत जायला वाट मिळत नव्हती, म्हणून शेजारच्या दिव्यात शिरत होता. म्हणजे अर्थची वायर. रेल्वेतही पावसाळ्यानंतर असंच व्हायचं. "गंज!" ते आनंदाने ओरडले. "हलाबांगाना, गंज आहे हा!"

पण हलाबांगाना गेला होता. त्याच्या दुकानात एक बाई ब्लाउज उंच धरून उभी होती आणि त्याला दोन्ही बाह्यांची लांबी एक का नाही, असं विचारत होती. ते काही लवकर आटपणारं नव्हतं.

उन्हं कलली. मासुकूंनी डिकीतली गाठोडी बाजूला सारली, आत डोकं घालून अर्थचा स्क्रू शोधला. तो गंजून तपकिरी ढेकूळ झाला होता. कानस सापडेना. ते गुपचूप स्वयंपाकघरात गेले, नळाजवळ जे पहिलं हाताला लागलं ते घेऊन आले आणि खसाखसा घासायला लागले.

"थांडेकाचे बाबा!"

लेकीच्या नावाने आलेली ती हाक ऐकून मासुकूंचं डोकं डिकीच्या झाकणावर आपटलं.

"ती माझी भांड्यांची घासणी आहे!" मातशुमा पांढरा एप्रन लावून पाठीमागे उभी होती. "परवाच नवी आणलेली! आता त्या गाडीचा गंज मी पातेल्यांना लावू? मग म्हणाल, लापशीला लोखंडाचा वास येतो! आईच्या लापशीला येत नव्हता!"

पाच दिवस साठलेलं धरण फुटलं. घासणीवरून गाडी लापशीवर आली, लापशीवरून त्यांच्या बहिणीवर, तिथून एका विसरलेल्या वाढदिवसावर. मासुकू वाकून ऐकत होते आणि स्क्रू घट्ट करत होते. मधे बोलण्याचा मूर्खपणा त्यांनी केला नाही. कोंबड्यांच्या वाट्याचं बोलणं इतक्या दिवसांनी आपल्या वाट्याला आलंय, एवढंच त्यांना जाणवत होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

तिने श्वास घेतला तेव्हा ते हळूच म्हणाले, "मातशुमा, जरा इथेच उभी राहतेस? मी ब्रेक दाबतो. लागला की सांग."

ती हलली नाही, म्हणजे उभी राहिली. मासुकूंनी पुढे बसून ब्रेक दाबला.

"लागला?"

"नाही."

त्यांनी परत येऊन स्क्रू आणखी आवळला, होल्डर साफ केला, परत जाऊन बसले.

"आता?"

"नाही."

तिसऱ्या खेपेला ब्रेक दाबताना त्यांची नजर बाजूच्या आरशात गेली. डिकीच्या झाकणाने मातशुमाचा चेहरा झाकला होता, पण खालून तिचा एप्रन दिसत होता. संध्याकाळच्या त्या मंद उजेडात पांढऱ्या एप्रनवर लाल रंग पडला होता. उजवीकडेही आणि डावीकडेही. त्यांनी पाय उचलला. एप्रन पांढरा झाला. पाय ठेवला. एप्रन लाल झाला.

एकतीस वर्षांच्या सिग्नलवाल्याला लाल दिवा ओळखायला कुणाची मदत लागत नाही.

"लागला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मातशुमा शांतपणे म्हणाली.

मासुकूंनी पाय ब्रेकवरच ठेवला. मग म्हणाले, "मातशुमा, रविवारचं ते लापशीचं."

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोला. आणि ब्रेक सोडू नका."

"तुझी लापशी पाणचट नव्हती!"

"नाही लागला अजून."

"आईची लापशी करपायची!" मासुकू ओरडले. गल्लीतली दोन दारं उघडली. "दर वेळी करपायची! आम्ही सगळे भाऊ पाण्याबरोबर गिळायचो! पाहुण्यांसमोर काहीतरी मोठं बोलावं म्हणून मी तिचं नाव घेतलं! तुझ्या हातची लापशी खाल्ली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती गोड असते!"

एप्रन लाल होता आणि जरासा हलत होता. हसू दाबताना हलतो तसा.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हलाबांगाना ओरडला, "अहो मासुकू, काय वेड लागलंय का? घसा कशाला फोडताय? दोन्ही दिवे मघापासून लालभडक लागलेत!"

"तुम्ही मधे पडू नका, हलाबांगाना!" पेडलवरचा पाय घट्ट करत मासुकू गरजले. "त्यातलं तुम्हाला काही कळत नाही! घरच्यांनी अजून सांगितलेलं नाही."