गच्चीवरचे जावई

विश्रामबागेत गच्चीवर वांगी पिकवणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो! खरं तर यंदाच्या मे महिन्यानं माझा झेंडू करपवला होता आणि कोथिंबीर उगवली तीच म्हातारी होऊन. पण वांगी! नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी तुकतुकीत!

त्यांना बुलबुल टोचायला लागले, तसं मी बुजगावणं उभारलं. डोक्याला मडकं आणि अंगात धोंड्याच्या महिन्यात सासरहून आलेला पोपटी सफारी. तो घालून एकदाच ऑफिसला गेलो होतो, दिवसभर लोक "लग्न कुणाचं?" विचारत होते.

भर दुपारी बायकोचे मामा, कुंडलचे आकाराममामा, खालच्या रस्त्यानं चालले होते. त्यांनी सफारी ओळखला.

"आवं जावईबापू!"

जावई ढिम्म! रणरणत्या उन्हात दोन्ही हात पसरून उभे! मामांनी घरात यावं की नाही? छे! थेट कुंडल गाठलं.

संध्याकाळी दारात जीप! मामा, सासूबाई आणि निम्मी भावकी. मी बनियनवरच दार उघडलं.

"खाली कवा आलासा?" मामांनी विचारलं.

"कुठून?"

"लपवू नगा! संयोगिता, ह्यास्नी उन्हात उभं केलंस व्हय गं?"

"मी?" बायको लाटणं घेऊनच बाहेर आली. ते बघून तर सगळ्यांची खात्रीच पटली!

"अहो, ते बुजगावणं आहे!" मी ओरडलो, आणि तिथंच चुकलो. गुडघ्यांमुळे सासूबाई खालीच बसल्या, बाकीचे गच्चीवर. मामांनी सफारीची बाही चिमटीत धरली.

"ह्यो म्या तासगावात निवडल्याला." ते माझ्याकडे वळले. "आमच्या आहेराचं बुजगावणं केलासा?"

मी घाईघाईनं बाजू सावरली. "मामा, साध्या कपड्याला पाखरं भीत नाहीत हो! वजनदार माणूस दिसायला पाहिजे!"

मामा विचारात पडले. मग मिशीवरून हात फिरला. "त्ये बी खरंच. कापडात दम हाय!"

सुटलो! पण एवढी मंडळी उपाशी कशी जाणार? संयोगितानं झाडावर एक वांगं ठेवलं नाही. सगळी भरून शिजवली. वांगी कुठली, असं कुणीतरी विचारेल या आशेनं मी प्रत्येक ताटाशी रेंगाळत वाढत होतो. माणसं नुसती जेवत होती!

शेवटी सासूबाईंनी देठ चोखत मान वर केली. "जावईबापू, वांगी लय ग्वाड हाईत!"

माझी छाती फुगली. सांगायला तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "बाजार बाकी चांगला करतासा. एवढं एक तरी जमतंय तुमास्नी!"