वसंतण्णांची वाफेची नळी

वसंतण्णा कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवत नाहीत, बेल उघडतात. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघतो, बेलच्या बटणाचं झाकण खाली येतं, गळ्यात लटकणाऱ्या मीटरच्या दोन तारा आत जातात, आणि मीटर 'टीं' करून ओरडलं की वसंतण्णा समाधानानं म्हणतात, "कंटिन्युटी आहे. आता वाजवतो." तोपर्यंत आवाज ऐकून यजमान दार उघडून समोर उभा असतो. तरीही ते बेल वाजवतात. वाजवल्याशिवाय आत येत नाहीत.

हुबळीच्या गोकुळ रोडवर त्यांचं मोटार वाइंडिंगचं वर्कशॉप आहे. पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, मिक्सरच्या जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घेऊन परत जातात. पस्तीस वर्षं हा माणूस तार गुंडाळतोय. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का, हे तपासायचं म्हणजे कंटिन्युटी बघायची. हे मोटारीपुरतं राहिलं असतं तर मला हा लेख लिहायची पाळी आली नसती. माझ्या पुतणीसाठी एक स्थळ आलं होतं. वसंतण्णांनी मुलाचा बायोडेटा वाचला आणि निकाल दिला, "पोरगा छलो अद, चांगला आहे. पण नोकरीत कंटिन्युटी नाही. तीन वर्षांत चार कंपन्या!" एकदा माझा युक्तिवाद ऐकायला कोर्टात आले होते. बाहेर पडताना म्हणाले, "पहिली दहा मिनिटं करंट छान होता वकीलसाहेब. पुढं कुठंतरी वायर तुटली बघा." मला राग आला. पण केस हरलो, हेही खरं.

आमची ओळखही एका जळलेल्या पंपावरून झाली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला शटर ओढून ते दहा मिनिटं चालत आमच्या घरी येतात. व्हरांड्यात आम्ही भांडतो. विषय काहीही चालतो. गिरमिटात, म्हणजे आमच्या हुबळीच्या चुरमुऱ्यांत, कांदा किती असावा यावर आम्ही एक अख्खा आठवडा काढलाय. माझी बायको सुमन म्हणते, "तुम्ही दोघं लहान असता तर मी दोघांनाही कोपऱ्यात उभं केलं असतं."

या भांडणात माझ्या बोटांत सिगारेट असायची. दिवसाला पंधरा. वसंतण्णांनी मात्र जन्मात एक झुरका घेतलेला नाही. "वर्कशॉपात थिनर, वॉर्निश," ते सांगायचे, "एक काडी ओढली तर निम्मा गोकुळ रोड आकाशात!"

मागच्या वर्षी जिना चढताना मी तिसऱ्या पायरीवर बसलो तो उठताच येईना. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं आणि चष्मा काढून म्हणाले, "वकीलसाहेब, या वर्षात सोडली नाही तर पुढच्या वर्षी ऑक्सिजनचं सिलिंडर शेजारी ठेवून बाजू मांडावी लागेल." संध्याकाळी वसंतण्णा आले, सुमननं त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवशी ते भांडले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. मी चक्रावलोच.

मी च्युइंगगम चघळलं, वेलदोडे चघळले, लवंगा चघळल्या. सिगारेट काही सुटेना. तोंडापेक्षा हाताचीच सवय वाईट! बोटांत काही नसलं की मला युक्तिवादच सुचत नाही.

आणि मग लंडनहून माझा भाचा केदार आला. त्याच्या खिशात एक चपटी, चकचकीत नळी होती, ई-सिगारेट म्हणे. तो ती ओढायचा आणि आंब्याच्या वासाचा ढग सोडायचा. वसंतण्णांनी ती "जरा बघू" म्हणून हातात घेतली. केदार पाणी पिऊन स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत तिचे सहा तुकडे आमच्या टीपॉयवर ओळीनं मांडलेले होते.

"अय्योऽऽ!" वसंतण्णा ओरडले. "वकीलसाहेब, इकडं या! हे बघा! आत कॉइल आहे! तिळाएवढी कॉइल! वाइंडिंग आहे ओ हे! माणसानं ओढायचं वाइंडिंग!"

इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पाहिला नव्हता. मग केदारची उलटतपासणी सुरू झाली. मी वकील, पण असे प्रश्न मला सुचले नसते. कॉइल किती ओहमची? वात कशाची? बॅटरी किती वेळ पुरते? गळती कुठून होते? नवख्या माणसानं कुठलं घ्यावं? बिचारा केदार! तो नुसतं ओढायचा. तरी आठवेल तसं सांगत गेला. नवख्यानं एक बटणाचं साधं मशीन घ्यावं, फार बटणं म्हणजे फार डोकेदुखी. नवी कॉइल बसवली की वात पूर्ण भिजेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबावं. कोरड्या वातीवर बटण दाबलं की कापूस जळतो आणि घशाचं वाटोळं होतं. आतला द्रव भरायची टाकी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुवायची, सुकल्याशिवाय जोडायची नाही. जळका वास आला की कॉइल बदलायची, जीव लावायचा नाही. वसंतण्णा मान डोलवत होते. "मोटारीचंच शास्त्र आहे की! फक्त हिला माणूस जोडलाय."

"हे सगळं ठीक आहे," मी म्हणालो, "पण या वस्तूला आपल्याकडं बंदी आहे. केदार, ती बॅगेत ठेव आणि परत जाईपर्यंत बाहेर काढू नकोस."

वसंतण्णांचा चेहरा क्षणभर पडला. मग उसळून म्हणाले, "बंदी त्यातल्या निकोटिनच्या औषधाला! आपण पाणी घालू. ओव्याचं पाणी! सर्दीला आपण वाफारा घेतो, तसा खिशातला वाफारा. ओव्याच्या वाफेला बंदी आहे असं कलम दाखवा, मी आत्ता उठून जातो."

अडतीस वर्षं वकिली केली, ओव्याच्या वाफेचं नाव घेणारं कलम मला सापडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मला स्कूटरवर बसवून त्यांनी दुर्गदबैलाच्या बाजारात नेलं. हातगाड्या, रिक्षा, कापडाचे गठ्ठे यांतून वाट काढत आम्ही हार्डवेअरच्या बोळात पोचलो. पितळी नळी हवी होती. वसंतण्णांनी चौदा नळ्या तोंडाजवळ धरून बघितल्या. दुकानदार हैराण! "येन्री, कशाला पाहिजे?" त्यानं विचारलं.

"वकीलसाहेबांना ओढायला," वसंतण्णा म्हणाले. दुकानदारानं माझ्या काळ्या कोटाकडे असं काही बघितलं की पुढं मी त्या बोळातून कधी गेलो नाही.

कापूस कुठून आणायचा हा प्रश्न त्यांनी आमच्या देवघरात सोडवला. "वहिनी, तुमच्यासारख्या घट्ट वाती हुबळीत कुणी वळत नाही," असं म्हणून वातींचा डबाच उचलला. सुमन स्तुतीनं इतकी फुलली की पुढचा महिनाभर देवाच्या आधी माझ्या वाती वळत होती.

पहिलं मॉडेल ओढायला दोन माणसं लागायची. नळी माझ्या हातात, आणि मोटारसायकलची बॅटरी पिशवीत घालून वसंतण्णा शेजारी उभे. दुसरं मॉडेल खिशात मावलं, पण त्यानं गरम पाण्याची पिचकारी माझ्या मिशीवर मारली. "प्रेशर छलो अद!" वसंतण्णा टाळी वाजवून म्हणाले. मी मिशी पुसत होतो. तिसरं मॉडेल मात्र, काय सांगू! वीतभर नळी, एक बटण, टॉर्चची बॅटरी. ओढली की ओव्याची मऊ वाफ, आणि सोडली की व्हरांडाभर ढग! आम्ही दोघं लहान पोरांसारखे नाचलो. शेजारच्या वहिनींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "कुणाला सर्दी झाली का ओ?"

मग देखभाल आली. वसंतण्णांनी पुठ्ठ्याचं एक कार्ड लिहून व्हरांड्यात टांगलं, वर्कशॉपातल्या मोठ्या मोटारींना टांगतात तसं. सोमवारी टाकी धुणे. बुधवारी वात बदलणे. रोज संध्याकाळी कॉइल तपासणे. ही तपासणी करायला रोज सहाला ते स्वतः यायचे, माझी नळी खोलायचे, पुसायचे, वात भिजवून घड्याळात बघत दहा मिनिटं थांबवायचे. "घाई नाही वकीलसाहेब. वात पाणी पिऊ दे." मग एक तास मी वाफ ओढत भांडायचो. पंधराच्या चार सिगारेटी झाल्या. चार मी कोर्टाच्या मागं ओढायचो आणि घरी येऊन शून्य सांगायचो. हे मला सांगायला आज लाज वाटते.

तीन महिने झाले तसा वसंतण्णांना चौथ्या मॉडेलचा ध्यास लागला. पक्कं, कायमचं मॉडेल! दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी नवं फडकं गुंडाळून नळी घेऊन आले. आत एवढी देखणी कॉइल होती, एकेक वेढा एकमेकाला चिकटून. मी बटण दाबलं आणि छाती भरून ओढली.

आणि जग काळं झालं. जळलेल्या मिक्सरचा धूर कुणी घशात कोंबावा तसं वाटलं. खोकला असा सुरू झाला की मी खुर्चीवरून खाली आलो. सुमन धावली. वसंतण्णांनी नळी उचलली, वास घेतला आणि पांढरे पडले.

"वॉर्निश," ते म्हणाले. "मी वॉर्निश दिलं."

वाइंडिंग पुरं झालं की वॉर्निशमध्ये बुडवायचं आणि भट्टीत भाजायचं, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. वॉर्निश दिल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून एक तार कधी बाहेर गेली नाही. यावेळी काम इतकं मनापासून चाललं होतं, की डोकं कुठंतरी होतं आणि हातांनी आपला नेम पाळला.

डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं, सकाळी सोडलं. मला फारसं काही झालं नव्हतं. पण वसंतण्णा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर उचलेनात. सहा वाजायचे, मी व्हरांड्यात बसायचो, आणि आत येऊन परत बाहेर बसायचो. सुमननं एकदा विचारलं, "सिगारेट पाहिजे म्हणून तळमळताय का?" मी विचार केला. खरं सांगतो, सिगारेटची आठवणच झाली नव्हती.

चौथ्या दिवशी कोर्टातून आलो, कोट काढला आणि चालत निघालो. दहा मिनिटांच्या वाटेला मला वीस लागली. दोनदा थांबून श्वास घेतला.

वर्कशॉपचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. वसंतण्णा एका पंपावर बसले होते, काम न करता. समोर चारही मॉडेलं मोडून डब्यात टाकलेली.

"तुम्ही चालत कशाला आला?" ते रागावून म्हणाले. "छाती बघा कशी वाजतेय!"

"तुम्ही आला नाही म्हणून."

"मी नाही येणार. मोटार जळली तर परत भरून देतो मी. तुम्हाला काय झालं असतं तर? वहिनींना तोंड काय दाखवलं असतं?"

मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसलो आणि खिशातलं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, "वसंतण्णा, मी तुम्हाला फसवलं. रोज चार ओढत होतो."

"माहीत आहे की," ते म्हणाले. "वास येतो."

"मग बोलला का नाहीत?"

ते पाकीट उलटसुलट करत राहिले. "माझ्यासमोर एक तास ओढत नव्हता. मी म्हटलं, तेवढा तास तरी धरून ठेवू. मग दोन तास करू." त्यांनी पाकीट मोडक्या नळ्यांच्या डब्यात टाकलं. "लग्न केलं नाही. आई होती तोवर घरी कुणीतरी हाक मारायचं. आता शटर ओढलं की हुबळीत मला जायला एकच घर आहे वकीलसाहेब. ते बंद झालं तर मी सहा वाजता कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "आजपासून एकही नाही. आणि उद्यापासून सहाला नाही, पाचला यायचं. जेवूनच जायचं."

"पाचला कसं जमेल? कामं आहेत की!" ते खेकसले, आणि टेबलावरची चिंधी उचलून खसाखसा तोंड पुसलं. चिंधी ग्रीसची होती. दोन्ही गालांवर काळे पट्टे उठले. मग शटर ओढून आम्ही निघालो; रस्त्यानं लोक वळून त्या पट्ट्यांकडे बघत होते. माझ्या श्वासाच्या बेतानं एकेक पाऊल टाकत ते माझ्याबरोबर घरापर्यंत चालले.