सून गगनास गेली ते समयीची हकीकत

श्रीगजानन साह्य, कुलस्वामिनी साह्य, आणि जेथे देव अपुरे पडतील तेथे आम्ही साह्य. शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजित नाम संवत्सर, चैत्रमासी, चित्रपेटीच्या राज्यात भालचंद्रपंत नामे लेखक व निर्माते उदयास आले, त्यांची ही हकीकत. आम्ही त्यांच्या मातोश्री. पाहिले ते सांगतो, ऐकिले ते निवडून सांगतो, आणि कोणास खोटे वाटल्यास त्याने आमच्या तोंडावर येऊन म्हणावे.

ते राज्य कैसे, तर दिवेलागण होताच सारी रयत पेटीपुढे बैसावी, आणि पेटीत सासूने सुनेच्या खिरीत काहीबाही कालवावे, आणि सुनेने रडावे, आणि मग साबणाच्या जाहिराती लागाव्या. कोणत्या घरी काय पाहिले याचा कौल दर गुरुवारी दरबारी येई, आणि त्या कौलावर भल्याभल्या मालिकांची मुंडकी उडत. भालचंद्रपंत आरंभी या सासवांची भाषणे लिहीत, आणि ती फार गाजली, आणि लोक पुसत की इतके झोंबणारे सुचते कोठून, तर पंत हसून गप्प राहत. आम्ही गप्प राहत नसू. शब्द आमच्याच स्वयंपाकघरातले होते. परंतु पंतांचे चित्त लहानपणापासून आभाळी. पृथ्वी सोडून दुसऱ्या सूर्याकडे निघालेली नौका, आणि तीत माणसे संसार करतात, ऐशी मालिका त्यांनी मनी योजिली, आणि ती घेऊन ते दरबारी गेले. तेथे प्रद्योतराव दिवाण, कानास अष्टौप्रहर फोन, ते बोलिले, "नौका झकास आहे हो पंत, पण यात सासू कुठंय?" पंत बोलिले, "सासू पृथ्वीवरच राहिली." दिवाण बोलिले, "मग बघणार कोण? तुम्ही आणि मी?" ऐसा खल होऊन नौकेचे सुकाणू सुनेच्या हाती दिले, सासू यंत्रखान्यात नेमिली, आणि मालिकेस 'सून निघाली गगनाला' हे नाव ठरले. पंतांचे आवडते 'प्रकाशवर्ष' हे नाव तेथेच धारातीर्थी पडले. निर्मितीस कोणी पुढे येईना, मग पंत स्वतःच निर्माते जाहले, आणि आमचा थोरला कुकर न पुसता यंत्रखान्यात गेला, तो आजतागायत परतला नाही.

मग चित्रीकरण सुरू जाहले आणि पहिल्याच भागावर घोर प्रसंग गुदरला. पंतांचा नेम ऐसा की पृथ्वीची ओढ सुटली म्हणजे कशासही वजन राहत नाही, सबब नौकेत सारे तरंगलेच पाहिजे. वाटी तरंगली, वाटीतले पाणी तरंगले, सुनेची वेणी तरंगली, तोवर दिवाण खूष. परंतु सून जाहलेली नीलाक्षी सुकाणूवर वाकली, आणि छतास बांधिलेल्या बारीक दोऱ्याने तिचे मंगळसूत्र गळ्यावरून उठून डोळ्यांपुढे डोलू लागले, आणि दिवाणांस घाम फुटला. ते ओरडले, "बंद करा! सौभाग्याचं लेणं हवेत? रयत पेटून उठेल पंत! चिकटपट्टी आणा, गळ्याला चिकटवा ते!" पंत बोलिले, "वाटी उडते, वेणी उडते, आणि तेवढंच चिकटून बसलं तर पोरंसुद्धा हसतील. मग नौका खोटी, सूर्य खोटा, सगळंच खोटं." दिवाण बोलिले, "चिकटवा, नाहीतर ही मालिका पेटीत दिसायची नाही." पंतांचा चेहरा उतरला. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या सुना रडविल्या त्या या एका नौकेपायी, आणि ती किनाऱ्यासच बुडत होती.

ते समयी आम्ही थालीपिठांचा डबा घेऊन तेथे हजर. दिवाणांनी आम्हांस पाहिले आणि त्यांस वाटले, आयता साक्षीदार आला. बोलिले, "मातोश्री, तुम्हीच सांगा यांना. मंगळसूत्र असं उडालेलं बायकांना चालेल का?" आम्ही बोलिलो, "दिवाणजी, तुमच्या घरी धुणं कोण धुतं?" ते बोलिले, "मशीन." आम्ही बोलिलो, "तरीच. अहो, वाकलं की ते पुढं येतंच. बालदीत बुडतं, पिठात लोळतं. तेव्हा बाई काय चिकटपट्टी शोधत बसते?" मग पंतांकडे वळोन बोलिलो, "आणि भाल्या, तू तरी काय रे! ते डोळ्यांपुढं नाचतंय आणि तुझी सून नुसती बघत बसलीय. कामाची बाई आहे का बाहुली? नीले, दोन्ही हात गुंतलेत ना तुझे? मग धर दातांत आणि हाक ती नौका!"

नीलाक्षीने मान पुढे करून तरंगते मंगळसूत्र टपकन दातांत धरिले, आणि भुवई चढवून सुकाणू फिरविले. रंगभूषेच्या बाया टाळ्या पिटू लागल्या. दिवाण हळूच बोलिले, "हे... हे चालेल." भाग पेटीत दिसला आणि गुरुवारी ऐसा कौल आला की दिवाणांनी दरबारी पेढे वाटिले आणि कल्पना आपलीच म्हणोन सांगितली. आम्ही पेढा घेतला आणि त्यांस डोळे भरून पाहिले, तेव्हापासून ते आमच्यासमोर येईनात.

पुढे मालिका दीर्घकाळ चालली आणि अखेरचा भाग आला. दिवाणांचा निरोप की नौका उतरताना ढोल वाजवा, फटाके उडवा, नाहीतर रयतेस कळायचे कैसे. पंतांनी ऐकिले नाही. त्यांनी काहीच वाजविले नाही. नीलाक्षी दमून सुकाणूस टेकली, दातांची पकड सुटली, आणि मंगळसूत्र वर न जाता अलगद तिच्या गळ्यावर येऊन बैसले. आमच्या घरी शेजारच्या शेवंताकाकू पेटीपुढे होत्या. पडद्यावर कोणी चकार शब्द बोलण्याआधी त्या उठोन ओरडल्या, "लागली गं बाई, नौका लागली!" आणि पंत, त्या दिवशी घरीच होते, ते आत जाऊन तोंड धुऊन आले.

ऐसा हा पंतांचा पराक्रम. दिवाण बदलले, पेटी भिंतीइतकी चपटी जाहली, नौका खरी ती खरीच राहिली. कुकर मात्र आमचा होता, हे ध्यानी असावे.